अंतरलं कोण?

“आणि इथं?” बाबांनी विचारलं.

“इथं ‘अंतर’ म्हणजे हृदय.” दिगंबरानं पोथीवरून नजर न हलवता सांगितलं.

ओवी अशी होती :

अंतर केलें म्यां रितें ।
दार सोडिलें उघडें तेथें ।
परि वाटे कोणी न येतें ।
काय करूं ॥

“पुढं.”

दोहीं थडींचें अंतर ।
मध्यें वाहे जळ अपार ।
हाकेसी न मिळे उत्तर ।
पैलाडीहून ॥

“दोन काठांमधला पल्ला. सरळ आहे.”

“पुढं.”

माती आणि घागरी ।
अंतर शोधूं जातां करीं ।
बोटां लागे तीच खरी ।
एक माती ॥

“इथं भेद. फरक.”

“हं. पुढं.”

कडेवरूनि उतरिलें ।
परि अंतर नाहीं दिधलें ।
मायें बोट पुढें केलें ।
चालावया ॥

“अंतर देणं म्हणजे टाकणं, पाठ फिरवणं. दुसऱ्या पोथ्यांतही हा प्रयोग आहे. दाखले देऊ?”

“नको. पुढं.”

दिगंबरानं पान उलटलं. ही पुढची ओवी आली की त्याच्या कपाळाला आठी पडायची. पावसाळा सरत आला होता, तरी बाबा त्याला या ओवीपलीकडं जाऊ देत नव्हते.

गाय रानीं अंतरली ।
वासरें वाट पाहिली ।
सांज दारासी आली ।
गाईवांचून ॥

“अंतरणं म्हणजे दुरावणं, हातचं जाणं. गाय रानात हरवली.”

“मग अंतरलं कोण?”

“गाय.”

“नक्की?”

“क्रियापद गाईचंच आहे, बाबा. ‘अंतरली’. कर्ता गाय.”

“आणि वासरू?”

“वासरू वाट बघतंय.”

उत्तमगिरी बाबांनी डोळे मिटले. त्या डोळ्यांना उघडे असतानाही आता फारसं दिसत नव्हतं.

“उद्या पुन्हा वाच,” ते म्हणाले.

दिगंबरानं पोथी बांधली. दोरीची गाठ जरा जास्तच जोरात आवळली.

दुधनेच्या काठी, गावापासून बरंच आडबाजूला बाबांचा मठ होता. मठ म्हणजे दगडी ओसरी, दोन खोल्या, एक आड आणि निंबाचं झाड. एके काळी ओसरीवर बसायला जागा मिळत नसे म्हणतात. पण बाबा शिकवायचे फार सावकाश. एकेका शब्दावर महिनामहिना थांबायचे. कंटाळून एकेक जण उठून गेला. कुणी कीर्तनकार झालं, कुणी शेतीला लागलं. उरला तो दिगंबर.

तो उरला, कारण त्याला शब्दांचं वेड होतं. एकच शब्द एका ओवीत दूध होतो, दुसरीत विष होतो, याचं त्याला लहानपणापासून नवल. बाबांच्या पेटीतल्या सगळ्या जुन्या पोथ्या त्यानं पालथ्या घातल्या होत्या. कोणता शब्द कुठं, कोणत्या अर्थानं आलाय, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगे. पंचक्रोशीत त्याला दिगंबरशास्त्री म्हणू लागले होते.

घरचं नाव मात्र दगडू. नदीपलीकडं, होडीनं उतरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, केरबा बुरुडाचं घर होतं. सुपं, टोपल्या, परड्या विणून पोट भरणारं. केरबाचा हा एकुलता एक. मिसरूड फुटायच्या आधी तो मठात आला आणि इथलाच झाला. नाव त्यानं स्वतःच बदललं. बाबांनी त्यावर काही म्हटलं नाही. तेव्हापासून ते त्याला नावानं हाक मारायचेच बंद झाले. “अरे” म्हणायचे, नाहीतर नुसतं “हं.”

घरून निरोप यायचे. माय आठवण काढते, येऊन जा.

“ही पोथी होऊ दे,” दिगंबर सांगून पाठवायचा.

एक पोथी झाली की दुसरी लागायची.

त्या दिवशी तालुक्याच्या गावाहून देवस्थानचे पंच येणार होते. मार्गशीर्षात त्यांच्या देवळात महिनाभर निरूपण चाले. मोठा मान. यंदा व्यासपीठावर दिगंबरशास्त्रींना बसवायचं त्यांच्या मनात होतं. अडचण एकच. गुरूंनी आपल्या हातानं शिष्याच्या खांद्यावर उपरणं घातल्याशिवाय त्या व्यासपीठावर कुणी बसत नसे.

उपरणं आतल्या खुंटीवर घडी करून टांगलेलं होतं. दिगंबरानं ते बरेचदा पाहिलं होतं.

पंच आले. ओसरीवर सतरंजी अंथरली. गूळपाणी झालं. पंचांतले थोरले देवराव पाटील म्हणाले, “शास्त्रीबुवा, ऐकायला आलोय आम्ही. सुरू करा.”

दिगंबरानं बाबांकडं पाहिलं. बाबांचं तोंड निंबाकडं होतं.

मग त्यानं तोच शब्द घेतला. ‘अंतर’.

आणि काय बोलला तो! एका शब्दाचं त्यानं झाड केलं. हृदयापासून निघाला, नदीच्या दोन काठांवर गेला, मातीघागरीपाशी थांबला. आईनं कडेवरून उतरवलेलं लेकरू डोळ्यांपुढं उभं केलं तेव्हा देवरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

याच वेळी ओसरीच्या पायरीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, हातात काठी. त्यानं वहाणा काढल्या आणि पंचांच्या जोड्यांपासून चार हात लांब ठेवल्या. मग तिथंच, जोड्यांशेजारी, खाली बसला.

दिगंबरानं त्याला पाहिलं.

त्याचं वाक्य जरासं अडखळलं... पण तुटलं नाही.

देवरावांनी मागं वळून पाहिलं. “हे कोण?”

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं होतं. तो दिगंबराकडं बघत होता.

“गावाकडचे आहेत,” दिगंबर म्हणाला. “सुपं-टोपल्या आणतात कधीमधी.”

म्हाताऱ्यानं उघडलेलं तोंड मिटलं. मान डोलावली.

“हां जी,” तो म्हणाला.

निरूपण पुढं चाललं. आता गाईची ओवी आली. दिगंबरानं रान उभं केलं, सांज उभी केली, दारातलं वासरू उभं केलं. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. त्याचं एक बोट सारखं जमिनीवर काहीतरी रेघाटत होतं.

शेवट झाला. “वा, वा!” झालं.

एवढ्यात बाबा पहिल्यांदाच बोलले. “पाहुणे, तुम्हाला काही विचारायचंय?”

ते पंचांना विचारताहेत असंच सगळ्यांना वाटलं. पण बाबांचं तोंड जोड्यांच्या दिशेला होतं.

म्हातारा गडबडला. “म्या काय इचारू महाराज? बराबर सांगतंय पोरगं...”

तो थांबला. पंचांकडं पाहिलं.

“बराबर सांगत्यात शास्त्रीबुवा,” तो म्हणाला.

मग उठला, बाबांपाशी आला. पायांवर डोकं ठेवलं. ठेवताना हळू आवाजात काही बोलला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. दिगंबर लांबून बघत होता. त्याला ऐकू आलं नाही. त्यानं ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

म्हाताऱ्यानं वहाणा हातातच घेतल्या आणि तो नदीच्या वाटेला लागला.

पंचही निघाले. “बाबा, मग आमचं तेवढं उपरण्याचं...”

“बघू,” बाबा म्हणाले.

मठ रिकामा झाला. दिगंबर सतरंजी गुंडाळू लागला. बाबा काही म्हणतील म्हणून तो थांबला.

शेवटी तोच बोलला. “बाबा... ते माझे वडील होते.”

“ठाऊक आहे.”

“मी नंतर त्यांना भेटणारच होतो. पंच गेल्यावर.”

बाबा गप्प.

“माणसांत कसं सांगायचं, बाबा? त्यांना बुरुडाच्या पोराला व्यासपीठावर बसवायचं नसतं. तुम्हाला माहीत आहे जग कसं आहे ते.”

बाबा गप्प.

“बोला ना काहीतरी!”

“पाया पडताना ते एक वाक्य बोलले,” बाबा म्हणाले. “सांगतो. नीट ऐक. तुझ्याच शब्दाचं आहे.”

दिगंबर ऐकत राहिला.

“म्हणाले, ‘महाराज, पोरगं मायला अंतरलं.’”

निंबावर कावळा ओरडत होता.

“आता सांग,” बाबा म्हणाले. “अंतरलं कोण?”

दिगंबर वाटेला लागला तेव्हा पायांत काही नव्हतं. बाभळीचे काटे मोडले ते त्याला रात्री कळले. नदीच्या उतारावर तो दोनदा पडला.

होडी पैलतीराला होती. नावाडी तिकडं कुणाचं तरी ओझं उतरवत होता. अलीकडं, पाण्याजवळच्या खडकावर केरबा बसला होता. वहाणा शेजारी ठेवलेल्या. पाय पाण्यात.

दिगंबर त्याच्या मागं जाऊन उभा राहिला. धाप लागली होती.

“बा.”

केरबानं वळून पाहिलं. रागावल्यासारखं नाही. परक्याकडं बघतो तसंही नाही. फक्त सरकून खडकावर जागा केली.

“कधी?” दिगंबरानं विचारलं.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. ताप व्हता. चार रोज अंथरुणात व्हती, मंग गेली.”

“मला बोलावणं का नाही धाडलं?”

“धाडलं व्हतं की.”

दिगंबराला आठवलं. एक गुराखी आला होता, माय आजारी आहे म्हणाला होता. आणि आपण त्याला काय सांगितलं होतं, तेही आठवलं. ही पोथी होऊ दे.

पाणी वाहत होतं.

“आज सांगायला आलास, मग मघाशी सांगितलं का नाहीस?”

“मानसांत व्हतास,” केरबा म्हणाला. “चांगलं बोलत व्हतास. म्हनलं, पोराचं बोलनं कशाला मोडायचं?”

दिगंबरानं बापाच्या पायांवरचा चिखल हातानं धुवायला घेतला. केरबानं पाय मागं घेतले नाहीत. नुसता त्याच्या डोक्याकडं बघत राहिला.

“शेवटी काही म्हणाली?”

“तुजं नाव घेतलं. दगडू म्हनली. मग मलाच म्हनली, आता त्याला दगडू म्हनलेलं चालत न्हाई, न्हवं? काय म्हनत्यात त्याला? मला बी ते आठवंना बग तवा...”

होडी आली. दोघंही तिच्यात बसले. नावाड्यानं ओळखून, “शास्त्रीबुवा, तुम्ही इकडं कुठं?” असं विचारलं.

“घरी,” तो म्हणाला. “हे माझे वडील.”

नावाड्यानं केरबाकडं पाहिलं, मग वल्हं पाण्यात टाकलं. केरबा पाण्याकडं बघत होता. त्यानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

घर होतं तिथंच होतं. अंगण शेणानं सारवलेलं नव्हतं. दारात बांबूच्या कामट्यांचा भारा पडला होता, उन्हानं वाळून कडक झालेला. भिंतीशी एक अर्धवट विणलेली परडी होती. बूड झालेलं, कडा अजून उभ्या राहायच्या होत्या.

“मायची?”

“हां.”

दगडूनं ती मांडीवर घेतली. लहानपणी मायशेजारी बसून त्यानं कितीतरी परड्या विणल्या होत्या. हाताला सवय असेल असं वाटलं. दोन वेढे कसेबसे बसले. तिसऱ्याला कामटी सटकली आणि बोट चिरलं.

“ऱ्हाऊ दे,” केरबा चुलीपाशी बसून म्हणाला. “तिचा हात येगळा व्हता.”

दगडूनं परडी तशीच भिंतीशी ठेवली.

दिवस गेले. बाप-लेक फारसे बोलत नसत. सकाळी केरबा कामट्या काढायला बसे, दगडू पाणी भरी. शेजारच्या सुंदरामावशी येऊन मायच्या गोष्टी सांगत. आठवड्याच्या बाजारात टोपल्या विकायला गेली की माय म्हणे मठाच्या पोथीपुराणाची चौकशी करायची. भेटेल त्याला विचारायची, माझ्या पोराचं बोलणं ऐकलंत का? कसं बोलतो? आणि कुणी चांगलं म्हटलं की टोपली स्वस्तात द्यायची.

हे ऐकल्यावर दगडू त्या दिवशी जेवला नाही. केरबानंही आग्रह केला नाही. भाकरी झाकून ठेवली.

संध्याकाळी केरबा दारात बसायचा. कुणाची वाट बघत नसे. तरी तोंड वाटेकडं असायचं. गाई रानातून परतायच्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज यायचा, धूळ उडायची, मग धूळ खाली बसायची. दगडू आतून बघायचा. त्याच्या मनात ती ओवी येई. आता तिचा अर्थ लावायची इच्छा होत नसे. तरी ती येई. आणि एके दिवशी, कुणी न विचारता, तो अर्थ त्याच्या आत येऊन बसला. जसं एखादं जनावर न हाकता गोठ्यात शिरावं तसा.

त्याला रात्रभर झोप आली नाही. पहाटे चांदणी उगवली तशी तो उठला. केरबा घोंगडी पांघरून झोपला होता. तोंड भिंतीकडं, परडीकडं. दगडूनं बापानं बाजारातून आणून दिलेल्या वहाणा घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि नदीची वाट धरली.

मठात पोचला तेव्हा दुपार व्हायची होती. बाबा ओसरीवर त्याच जागी बसले होते. पोथी समोर बांधलेली. तिच्यावर निंबाची पानं पडली होती. कुणी झटकलेली नव्हती.

दगडूनं वहाणा पायरीशी काढल्या आणि पाया पडला.

“आलास.”

“हो बाबा.”

“पंच येऊन गेले. मी म्हटलं, गावाकडं गेलाय.”

“ते राहू द्या, बाबा. मला त्या ओवीचा अर्थ कळला.”

“हं.”

“मी कर्ता शोधत होतो. गाय रानात गेली म्हणून ती अंतरली, असं मला वाटायचं. पण बाबा, जी गेली तिच्यापुरतं ते संपतं. जो दारात उरतो, तो रोज नव्यानं अंतरतो. ओवीत वासरासाठी ‘अंतरलं’ म्हटलेलंच नाही त्या लिहिणाऱ्यानं... नुसती सांज ठेवलीय.”

बाबांचा हात पोथीकडं गेला, पानं चाचपली, झटकली. दगडूला वाटलं, आता पुढची ओवी.

“वडील?” बाबांनी विचारलं.

“घरी आहेत.”

“सांगून आलास?”

“झोपले होते, बाबा. उठवावंसं वाटलं नाही. कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालं होतं मला.”



...

मग बाबांनी भिंतीला हात टेकला आणि ते उठले. दगडू आधार द्यायला पुढं झाला. बाबांनी हातानंच त्याला थांबवलं. भिंत धरत धरत ते ओसरीच्या कडेला गेले, एकेक पायरी पायानं चाचपत उतरले आणि खाली बसले. दोन्ही हातांनी जमीन शोधू लागले.

“बाबा, काय हवंय? मी देतो ना!”

बाबांच्या हाताला दगडूच्या वहाणा लागल्या. त्यांची टोकं मठाकडं होती. बाबांनी त्या उचलल्या, वळवल्या, आणि वाटेकडं तोंड करून शेजारी शेजारी नीट मांडल्या.

“बाबा! माझ्या वहाणांना हात...” दगडू धावत खाली आला.

बाबा पायरीवर टेकले. दम लागला होता.

“मी गेलो तर तुमच्याजवळ कोण?” दगडूनं विचारलं. “तुम्हाला दिसत नाही. पोथी कोण वाचून दाखवणार?”

“पोथी मला कधीचीच पाठ आहे, दगडू.”

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला नावानं हाक मारली नव्हती.

दगडू उभाच राहिला. मठात दुसरं कुणी नव्हतं. आडावरचा रहाट वाऱ्यानं किंचित करकरला.

बाबांनी तोंड वर केलं. ऊन कुठून येतंय ते अंगावर जोखलं.

“नीघ,” ते म्हणाले. “अजून उजेड आहे.”